पायरीवरची नावं

लसणीच्या चटणीचा वास आला की मला न्यूझीलंडमधली ती दगडी पायरी आठवते. दोन हजार सहा साल असेल. मी लोअर हटला लेकाकडे गेले होते. शनिवारी सून वैशाली मला जवळच्या एका गावच्या बाजारात घेऊन गेली. बाजाराच्या मधोमध आठ खांबांची दगडी छत्री होती, वर क्रूस आणि भोवती तीन पायऱ्या.

"विलायतेहून आलेल्यांनी आपल्या गावच्यासारखी बांधली," वैशाली म्हणाली. "पायऱ्यांवर बाया अंडी-लोणी विकायच्या."

"मग बसायलाच आहे की," म्हणत मी बसले आणि डबा उघडला. बाहेर जेवताना आम्ही पहिला घास भुईवर ठेवतो, तसा चटणी लावलेला घास मी दगडावर ठेवला.

तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली एक म्हातारी बाई समोर येऊन थांबली आणि हळू काहीतरी बोलली. वैशालीचा चेहरा उतरला.

"आई, उठा. पायरीवर नंतर लढाईत मेलेल्यांची नावं कोरलीत, माझ्याही ध्यानात नव्हतं. घास ठेवलाय तिथे यांच्या भावाचं नाव आहे. मेलेल्यांजवळ अन्न यांच्यात चालत नाही."

मला इंग्रजी वाचता येत नाही. मला ती नक्षी वाटली होती. हाताने पुसायला गेले तर तेल अक्षरांत आणखी पसरलं. आमच्यात तर मेलेल्यांना आधी वाढतात.

बाईने बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं, मग माझ्या हातांवर. ती भांडली असती तर मीही भांडले असते. तिने माझे हात धुतले, आणि मला उठताच येईना.