हवामान-मास्तरांचा एकमेव अंदाज

हवामान-मास्तर बोलता बोलता वाक्य अर्धे सोडून उठत. सकाळी साडेआठला एक मिनिट कमी असले, की समोर कोण बसले आहे हे त्यांना दिसत नसे. मागच्या अंगणातल्या पांढऱ्या जाळीदार पेटीपाशी ते जात, चार तापमापक वाचत, पर्जन्यमापक उघडत, वाऱ्याचा बाण पाहत, वहीत लिहीत आणि परत येऊन ते वाक्य सोडलेल्या शब्दापासून पुरे करीत. एकदा तहसीलदार भेटीला आले असताना ते "तुमचं म्हणणं बरोबर, पण" एवढे म्हणून उठले. तहसीलदारांना तो 'पण' घेऊन दहा मिनिटे बसावे लागले.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. आमच्या तालुक्याच्या गावात हवामान खात्याचे छोटे केंद्र होते, म्हणजे मास्तरांचे अंगण. शाळेत ते भूगोल शिकवीत. नोंदी घेणे हे जोडकाम. दिवसातून दोनदा त्यांचे आकडे तारेने वर जात आणि वरून अंदाज खाली येई. तो आपल्या ठळक अक्षरात उतरवून मास्तर दर गुरुवारी आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आणून देत. मी तेथे उपसंपादक होतो. त्या अंदाजात त्यांनी स्वतःचा शब्द कधी घातला नाही.

बाजारात लोक त्यांना अडवीत. "मास्तर, उद्या पाणी येईन काय?"

"ते वरचे सायब सांगतात," मास्तर म्हणत.

"नाडी पाह्यते अन् मानूस जगते का मरते ते सांगत नाई, असा डाक्तर कुठी असते काय?" पानवाला एकदा मागून म्हणाला.

मास्तर थांबले. "मी डाक्तर नाई, थर्मामीटर हाय," म्हणाले आणि चालू लागले.

एका वैशाखात अंदाज कोरड्या हवेचा होता आणि पाऊस आला. उशिराची खळी उघडी होती. पिंपळगाव राजाच्या यशोदाबाईचा सगळा गहू भिजला. बाई एकटी होती, शेत चार-पाच एकराचे. पुढच्या बाजारी तिने मास्तरांना भाजीच्या रांगेत गाठले. मी शेजारी होतो.

"मास्तर, खरं सांगा. तुमाले मालूम होतं काय?"

मास्तरांना खोटे बोलता आले असते. "हो बाई. वाटलं होतं," ते म्हणाले.

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"हुकूम नव्हता."

"गव्हाले मोड आले मास्तर. ते कोन्या हुकमानं आले?"

बाई निघून गेली. मास्तर त्या दिवशी भाजी न घेता घरी गेले.

पुढच्या वर्षी रविवार आणि सोमवारची बुद्धपौर्णिमा अशी जोडसुटी आली. लग्ने होती, शेगावला जाणारांची गर्दी होणार होती. संपादकांना पहिल्या पानावर चौकट हवी होती: 'जोडसुटीचे हवामान'. गुरुवारी मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखे निघून न जाता तेथेच उभे राहिले.

"हे या वेळी छापू नका," ते म्हणाले.

"का?"

"वारा दखनेकडून येऊन राह्यला दोन दिवस. हवेत ओल चढून राह्यली. पारा सांगते."

"म्हणजे पाऊस येणार?"

"तसं मी म्हणत नाई."

"मग तुमच्या नावाने दोन ओळी लिहून द्या. त्या छापतो."

त्यांनी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि पुसून परत ठेवला. "खात्याचा मानूस हाय मी."

"मग खात्याचेच छापावे लागेल," मी म्हणालो. चौकट छापली: 'जोडसुटीत जिल्ह्यात हवा कोरडी राहील, प्रवासास अनुकूल.' शेवटचे दोन शब्द माझे होते. जागा उरली होती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मास्तर सायकलवर बसले ते संध्याकाळच्या नोंदीपुरते परतले. रविवारी सकाळी पुन्हा निघाले. विहारात पौर्णिमेची तयारी चालली होती. दरवर्षी तेथे पहिला हात त्यांचा असे. त्या वर्षी ते खळ्याखळ्यावर उतरत होते आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगत होते: "पाणी येईन असं मी म्हणत नाई. पण माहं खळं असतं तं मी झाकलं असतं."

नेमका उफणणीचा वारा सुटला होता. असा वारा आठवडाआठवडा मिळत नाही. पाटीतून धान्य सोडावे आणि भुसा आपोआप बाजूला पडावा, असा.

"मास्तर, येवढा वारा चालू हाय, अन् तुमी झाका म्हंता?" एक शेतकरी म्हणाला. "वारा काय आपला जावई हाय, मंग बोलावला की येईन?"

दुसऱ्याने आमचा अंक दाखवला. "पेपरात तं कोरडी हवा लिवली हाय. पेपर खरा का तुमी खरे?"

"पेपर खात्याचा हाय. मी आज माह्या मनचा बोलून राह्यलो," मास्तर म्हणाले.

निम्म्या लोकांनी उफणणी थांबवून खळी झाकली. यशोदाबाईने सर्वांत आधी झाकले. ताडपत्री पुरली नाही म्हणून घरातल्या गोधड्या आणून टाकल्या.

रविवारी दुपारी दक्षिणेला आभाळ काळे झाले. तिकडच्या बीबी गावाच्या बाजूला अर्धा तास गारा पडल्या. आमच्याकडे धूळ उडाली, वीज दिसली आणि वारा पडला. तो पुढे बरेच दिवस उठला नाही. ज्यांनी ऐकले नाही त्यांचा गहू घरी गेला होता. ज्यांनी ऐकले त्यांचा भुशासकट खळ्यात पडून राहिला.

सोमवारी सकाळी मी बातमीसाठी मास्तरांच्या अंगणात गेलो. त्यांनी पर्जन्यमापक उघडला, आतली बाटली मोजपात्रात उलटी केली, मोजपात्र डोळ्यांसमोर धरले. ते कोरडे होते. वहीत त्यांनी शून्य लिहिले.

"बीबीला गारा पडल्या, मास्तर," मी म्हणालो.

"ते बीबीच्या वहीत," ते म्हणाले.

एका मोठ्या जमीनदाराने वर तक्रार केली: नोंदणारा माणूस मनचे अंदाज सांगत गावोगाव फिरतो. चौकशीचे एक पत्र मला आले. खात्याचा अंदाज छापू नये अशी विनंती सदर इसमाने केली होती काय? मी 'होय' एवढेच लिहून सही केली. वस्तुस्थिती तीच होती. मास्तर का म्हणाले होते, हे पत्रात विचारलेले नव्हते, आणि मी ते लिहिले नाही. महिन्याभरात जोडकाम दुसऱ्याकडे गेले. पेटी आणि उपकरणे बैलगाडीतून हलवली. अंगणात पेटीच्या पायांचे चार खड्डे राहिले.

मी काय उत्तर दिले ते सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवायला सांगितले.

"खरं लिवलं ना? झालं मंग," ते म्हणाले.

यशोदाबाई भेटली का, असे मी विचारले.

"भेटली. म्हने, एका साली तुमी सांगतलं नाई, एका साली सांगतलं. दोन्ही साली मार मलेच." ते हसले नाहीत. बशीतला चहा त्यांनी संपवला.

पुढच्या वैशाखात पुन्हा जोडसुटी आली. नव्या माणसाने आणलेला अंदाज मी आहे तसा छापला. शनिवारी संध्याकाळी मास्तर रस्त्यात भेटले. ऊन उतरले होते, हवा जड होती. आम्ही बरोबर चालू लागलो.

"आता मले कोनाचा हुकूम लागत नाई," ते म्हणाले. "कोनी विचारलं तं सांगीन."

बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही सावकाश गेलो. लोकांनी जयभीम, रामराम केला. कोणी गुडघेदुखीची चौकशी केली, कोणी शाळेचा निकाल कधी म्हणून विचारले. एक जण खळ्यावरून आलेला दिसत होता. केसांत भुसा होता. तोही हात जोडून पुढे गेला. पाण्याचे कोणी विचारले नाही.

वेशीपाशी मास्तर थांबले आणि माझ्याकडे पाहिले. मी अंक छापून बसलो होतो. मीही विचारले नाही.