नको म्हणणारं यंत्र

ऑफिसातल्या मित्राबरोबर हरणांच्या शिकारीला जायचं, म्हणून ब्रिस्टलजवळच्या दुकानात मी एक्सेल शीट घेऊन रेंजफाइंडर, म्हणजे नेम धरण्याआधी अंतर मोजायचं यंत्र, निवडत होतो. बजेट तुटपुंजं, पण डोळा हजार यार्डवाल्या मॉडेलवर.

शेजारी एक गोरे आजोबा सगळ्यांत स्वस्त यंत्र दारातून चर्चच्या मनोऱ्यावर रोखून उभे होते. आधी अंतराचा अंदाज पुटपुटायचे, मग बटण दाबायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

मी म्हटलं, "हे फार लांबचं दाखवत नाही हो."

"दीडशे यार्डांपलीकडे मी गोळी झाडतच नाही. हरीण नुसतं जखमी होऊन पळतं बिचारं. मला फक्त 'नको' म्हणणारं यंत्र हवंय."

मीही तेच घेतलं. बाहेर येऊन स्टॉपवरून सुटायच्या बेतातल्या माझ्या बसवर रोखलं. एकशे साठ यार्ड.

धावलोच नाही.