अशफाकची अदलाबदल

नागपूरच्या विमानतळावर बाबांच्या हातात माझे बास्केटबॉलचे बूट होते. बॅगेत मावले नाहीत म्हणून मी ते घरीच ठेवले होते. त्यांनी पिशवीत घालून आणले. आता तिथं कुठला खेळ, असं मी म्हणालो. बाबा म्हणाले, "असू दे. परक्या गावात माणसं जोडायला बरे पडतात." आई माझी कॉलर सारखी करत होती, सारखी असतानाही. मी आत गेलो तो वळून न पाहता. दोन वर्षांचाच तर प्रश्न होता.

त्याला सोळा वर्षं झाली. आई गेली, मग बाबा गेले. दोन्ही वेळा मी उशिरा पोचलो.

पहिला महिना कुवेत सिटीतल्या बँकेत दिवसभर इंग्रजी आणि रुमैथियातल्या खोलीजवळच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध-अंडी घेताना हिंदी, एवढंच बोलत होतो. एका शुक्रवारी मोकळ्या कोर्टवर काही भारतीय खेळताना दिसले. बूट घालून गेलो. पहिलाच बॉल रिंगवरून उडाला आणि माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. समोरचा उंच माणूस थांबला. "मराठी काय रे तू?" तो अशफाक. दापोलीकडचा, एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्या दुपारी मी त्याच्या घरी माशाचं कालवण-भात जेवलो. माझा अकामा होईपर्यंत प्रत्येक ऑफिसात तो माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. अकामा म्हणजे इथं राहायचा परवाना; तो हातात पडल्यावर माझ्यापेक्षा तोच जास्त हसला.

पुढे इथल्या भारतीयांच्या आठ संघांची हौशी लीग सुरू झाली. आमच्या संघाचा कप्तान अशफाक, मॅनेजर मी. नियम अमेरिकेतल्या लीगवरून उचललेले: ठरलेले सीझन संपले की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघात जाऊ शकतो. त्याआधीचे पंधरा दिवस संघांनी आपसांत अदलाबदल करायची; असा दिलेला खेळाडू पुढचा सीझन नव्या संघाकडून खेळणार. माझी मुलगी इरा इथंच जन्मली. ती दर जूनमध्ये तिकडच्या ट्रेड्सचा अभ्यास करते, कुठल्या टीमला सगळ्यांत जास्त फायदा झाला ते मला इंग्रजीत समजावते. तिचं म्हणणं, जाणाऱ्या खेळाडूला मोकळा होण्याआधीच देऊन टाकणारी टीम शहाणी. नाहीतर तोही जातो आणि हातात काहीच राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी अशफाकची संघातली मुदत संपत आली. तो शेहेचाळीसचा, गुडघे दुखायचे. शहराबाहेर लांब असलेल्या अहमदी भागातल्या संघाला नवख्यांना सांभाळणारा अनुभवी माणूस हवा होता. बदल्यात ते दोन तरणे, उंच खेळाडू द्यायला तयार होते. मी हो म्हणालो. शुक्रवारी अशफाकला समोर बसवून सांगू, असं ठरवलं. खरं म्हणजे सांगायला भीत होतो.

बुधवारीच अहमदीवाल्यांनी अदलाबदलीची यादी लीगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. खाली चर्चा रंगली, जास्त फायदा कुणाचा. सगळ्यांनी आमचं नाव घेतलं. ऑफिसात वाचताना मला आनंद झाला, हे लपवत नाही. मग त्यातच अशफाकचा अंगठा दिसला.

संध्याकाळी तो घरी आला. संघाची जर्सी धुऊन, इस्त्री करून आणली होती. बस म्हटलं तर बसला नाही.

"येता सीझन आपल्याकडून खेळून गावी जायचं होतं, कायमचं," तो म्हणाला. "एकदा विचारलं असतंस, तर मीच जागा सोडली असती."

मी अदलाबदल रद्द करतो म्हणालो. त्याने मान हलवली. "नको. पोरं चांगली आहेत. घे."

तो वर्षभर अहमदीला गाडी हाकत गेला, आमच्याविरुद्धही जीव तोडून खेळला. कप आम्ही जिंकलो. त्यानंतर तो कुवेत सोडून गेल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं.

मागच्या सुट्टीत मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. स्टँडवर घ्यायला आला, पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, हे आमचे कुवेतचे मॅनेजर. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हसून त्याने भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"तुम्ही काही घेतलंच नाहीत," तो म्हणाला. "आणखी घ्या."

तेरा वर्षं त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी भात घेतला. माफी राहून गेली.

इरा घर म्हणते ते रुमैथियातल्या फ्लॅटला. नागपूरच्या घरात भाडेकरू आहेत. मला मात्र घर म्हटलं की मला "अरे" म्हणणारी थोरली माणसं आठवतात. तीनच होती. दोघांना मी पोचायच्या आत मृत्यूने नेलं. तिसरा जिवंत आहे, दापोलीला; त्याला मीच देऊन टाकलं.