रस्त्यापलीकडचं माहेर

"गाडी थांबवा हो, माझं लेकरू आत हाय!" राहुरीच्या स्टँडवर मी वरडत पळत हुते. पानी घ्यायला उतरताना शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर लेकरू ठिवलं, अन् एष्टी सुटली. तिनंच दोरी ओढून घंटी वाजवली, तवा गाडी थांबली.

मी धापा टाकत चढले, तर लेकरू झोपलेलं अन् ती त्याला थोपटत बसलेली.

बाई आफ्रिकेतली. तिकडनं आपल्या समद्या लोकांना हाकलून दिल्तं. कधी न बघितलेल्या दिराकडं शेवगावला चालली हुती.

"तिकडं आमच्या गल्लीत माहेर कुणालाच नव्हतं गं, सगळ्यांचं इकडं देशात राहिलेलं. मग समोरच्या गुजरातणीचं घर माझं माहेर. दिवाळीला पेटी घेऊन रस्ता ओलांडायचा, चार दिवस राहायचं, निघताना रडायचं."

"रस्त्यापलीकडं जायाला रडायचं?" मला हसू आलं.

"रीत म्हणून सुरू करायचो. मग खरंच रडू यायचं."

नेवाशाला मी उतरायला उठले, तरी तिचं थोपटनं थांबंना. "आता समोर कोणीच नाही," म्हनली, अन् लेकरू दिलं.

माझी सासू लई कडक, माझ्या आईलाबी दारात उभं करत न्हाई. तरी मी गावाचं नाव सांगून बसले. "दिवाळीला या, पेटी घेऊन."

दिवाळी तोंडावर आलीया. सासूला अजून सांगितलं न्हाई. तुमी असता, तर काय केलं असतं?