टाकीच्या पट्ट्या सुकेपर्यंत

मुलगी नोकरीला बंगळूरला गेली, त्या वर्षी मी राजापेठेतल्या घरात माशांची टाकी आणली. पाच फूट लांब, दोन फूट उंच. काठोकाठ पाणी भरलं आणि दोन दिवसांनी समोरची काच मधोमध फुगलेली दिसली. लाकडी पट्टी आडवी लावली तर ती मध्येच टेकायची, दोन्ही टोकं हवेत.

अकोटला दादाचं काचेचं दुकान, वडिलांपासूनचं. त्याला फोन केला.

"बाई, वरून काचेच्या पट्ट्या घातल्या का टाकीवाल्यानं?"

"कसल्या पट्ट्या?"

"पयले पाणी अर्धं कर. मी येतो."

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने आला. पट्ट्या जुन्या चादरीत गुंडाळून सगळी वाट मांडीवर धरलेल्या. आल्याआल्या त्यानं मासे टबात काढायला लावले, टाकी पूर्ण रिकामी केली. "पाण्यात चिकटवलं तर काच वाकडीच राहीन. सरळ होऊ दे तिले."

लांब काचांच्या वरच्या कडेला आतून दोन पट्ट्या बसवल्या. मग पुढची आणि मागची काच बांधून ठेवणारी रुंद पट्टी, मधोमध. तिचं एक टोक मी धरलं. लग्नाआधी दुकानात प्रत्येक मोठ्या काचेचं टोक मीच धरायची.

"खाली नको पाहू, माह्याकडं पाह्य," तो म्हणाला. तेव्हाही हेच म्हणायचा.

सिलिकॉनच्या आंबूस वासानं खोली भरली. "आता चार दिवस पाणी टाकायचं नाही."

"मग तू संध्याकाळच्या गाडीनं जातो?"

"नाही. माह्यासमोर भरू."

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. दादा सकाळी यायचा, दुकान बंद राहते म्हणून संध्याकाळी निघायचा. एक रात्रही कधी राहिला नव्हता. त्या चार दिवसांत त्यानं माझ्या खिडकीची तडकलेली काच बदलली, भाकरीबरोबर रोज ठेचा मागितला, दुपारी पलंगावर पडून गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू सासरी गेली अन् मी शेजारच्याले हाका मारत बसो. त्याले माहा इशाराच समजे नाही. तीन काचा फोडल्या त्यानं." हसला. मी उगाच स्वयंपाकघरात गेले.

पाचव्या दिवशी हळूहळू पाणी भरलं. लाकडी पट्टी काचेला लावून पाहिली, ती जवळजवळ सगळीकडे टेकली. "बोटभर कमीच भरत जाय," एवढं सांगून तो दुपारच्या गाडीनं गेला.

आता दुकान दुसऱ्याकडे आहे आणि दादा इंदूरला मुलाकडे. टाकी धड आहे, मासे मोठे झालेत. दुपारी घर शांत असलं की वाटतं, कुणीतरी पलंगावरून म्हणावं, "बाई, चहा मांड."

परवा फोनवर म्हटलं, "दादा, ये ना चार दिवस."

"गुडघे बस चढू देत नाहीत आता. तूच ये."

जाणार आहे. माशांना दाणे घालशील का, तेवढं शेजारणीला विचारायचं आहे.