तांबड्या फडक्यातलं रोम

हे मी लिहिणारच नव्हते. कुणाला सांगू नकोस म्हणून चिमाजीनं शपथ घातली होती. पण राहवेना, बसले एकदाची.

चिमाजी पालीचा, राजगडाखालच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. रोमच्या पडत्या काळाच्या पेपरात मागच्या साली नापास झालेला. वेल्ह्याच्या शाळेतली मास्तरकी त्याच्यासाठी फक्त या निकालापर्यंत थांबणार होती. इतिहासाच्या सरांनी त्याला स्वतःचं पुस्तक दिलं. मळू नये म्हणून यानं ते तांबड्या फडक्यात बांधलं आणि तिथंच घात झाला!

परवावर पेपर. सकाळी शेतावरून येऊन बघतो तर कोनाडा रिकामा.

"आये, पुस्तक कुठं हाय?"

"पोथी व्हय? सोनबा घिऊन गेला. ठकुबाई तापानं फणफणलीया, उशाला ठिवाया."

"अगं, ती पोथी न्हाई!"

"मग तांबड्या फडक्यात काय भाकरी बांधल्यावत्या?" त्याची आई रतनबाई उलट त्याच्यावरच उखडली.

तो पळतच वरच्या धनगरवाड्यावर गेला. ठकुबाई डोळे मिटून पडलेली. उशाशी पुस्तक, वर हळदकुंकू. दारात तिचा नवरा.

"सोनबा, माजं परीक्षेचं पुस्तक हाय ते. द्या."

"परीक्षा तुमची, बायकू माजी. ताप उतरल्याबिगर पोथी हलायची न्हाई."

आत देव नाही, नुसते मेलेले बादशहा आहेत, हे चिमाजीच्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात ठकुबाई पुटपुटली, "आलाच हाईस तर वाच की रं."

तो बसला. इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत मराठीत सांगू लागला. गॉथ लोक पोराबाळांसकट नदी ओलांडून आले. रोमच्या अंमलदारांनी त्यांना उपाशी ठेवलं, कुत्र्याच्या मटणापायी पोरं विकायला लावली.

"मुडदा बशिवला त्यांचा!" ठकुबाई तापातही कडाडली. "म्होरं?"

दिवस कलला, तरी पुस्तक निम्मंच झालेलं. अंग तसंच तापलेलं. पहाटेची मोटार गाठायची तर अंधारायच्या आत उतरायला हवं होतं. त्यानं फडकं बांधलं, पुस्तक उचललं. सोनबा या खेपेला आडवा आला नाही. ठकुबाईच्या कपाळावरची ओली पट्टी तेवढी बदलली.

चिमाजीनं पुस्तक परत तिच्या उशाशी ठेवलं आणि हात हलवत डोंगर उतरला.

ठकुबाई पुढं उठली, आता मेंढरांमागं हिंडते. पेपरात मात्र गॉथांवर यानं पानंच्या पानं लिहिली आणि पुढच्या बादशहांचे प्रश्न कोरे सोडले. हॉलबाहेर त्यानं मला हे सगळं सांगितलं आणि तिथूनच गावची मोटार धरली. तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही, असं कळतं. निकाल पुढच्या आठवड्यात आहे. शपथ मोडल्यावर मला त्याच्यासमोर जायला तोंड नाही; निकालाच्या आधी कुणीतरी पालीला जा आणि त्याला भेटून या हो.