समुद्राचा पहिला पीस

चहा थंड व्हायच्या आत सांगून टाकतो. एकदा का तुम्ही हसायला लागलात की माझं बोलणंच बंद पडतं. तसा मी बोलणारा नाहीच. नववीत शाळा सुटली, त्याचं अर्धं कारण तेच. सर उभं करायचे आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण चितेगावच्या पोरीला मी समुद्र म्हणून काय दाखवलं, हे माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. चितेगावात ते आता सगळेच सांगतात, आणि पदरचं घालून सांगतात!

मी वाळूजला एका कारखान्यात लेथवर आहे. लग्न झालं आणि चौथ्या दिवशी मी ड्युटीवर. रजाच मिळाली नाही! बायको वैशाली, चितेगावची. एके दिवशी माझा डबा भरता भरता ती आईला सहज म्हणाली, "मी अजून रेल्वेत बसले नाय." एवढंच. तक्रार नव्हती हो ती. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रजेचा हिशेब करत बसलो.

सहा दिवसांची रजा टाकली. वर्षाची एवढीच शिल्लक होती. आईला म्हणालो, "हिला फिरवून आणतो." आणि गेलो शहरात, शहागंजला, सहलवाल्याच्या दुकानात. त्यानं माझ्यापुढं दोन कागद सरकवले.

"हे शिरसी. कर्नाटकात. वर्षावनातलं शहर. झाडं, धबधबे, धुकं. आणि हे कोची. समुद्रकाठचं शहर. जुन्या वखारी, मासे धरायची मोठमोठी जाळी, संध्याकाळी नाच-गाणं. दोन्हीकडं सहा दिवस. बोला, कुठलं?"

कुठलं? मला काय माहीत? मी वर्षावनही पाहिलेलं नाही आणि समुद्रही! म्हणालो, "विचारून सांगतो."

"धोंड्याचा महिना सरायच्या आत सांगा. मग जागा नाय."

आता तुम्ही म्हणाल, घरी जाऊन बायकोला विचारायचं, त्यात काय? अहो, लग्नाला चार महिने झाले होते. मी अजून "मीठ दे" म्हणतानाही भाजीकडं बघून म्हणायचो. तरी एकदा धीर केला. "तुला झाडं आवडतात का पाणी?"

ती म्हणाली, "तुम्हाला आवडंल ते."

झालं! संपली चौकशी.

दुसऱ्या दिवशी शेखचाचांना सांगितलं. चाचा आमच्या खात्यातले सगळ्यांत जुने कारागीर. मी धंदा शिकलो तो त्यांच्या हाताखाली.

"चाचा, रजा एकच. चुकीच्या गावाला नेलं तर?"

चाचांनी चष्मा वर केला. "मियाँ, पहिला पीस तपासल्याबिगर अख्खा लॉट चालवतो का तू?"

"नाय."

"फिर?"

बस! डोक्यात उजेड पडला. ट्रायल घ्यायची! आधी जंगलाचा नमुना दाखवायचा, मग समुद्राचा. जिथं तिचा चेहरा फुलंल ते गाव पास. चाचांना खरं तर एवढंच म्हणायचं होतं की बायकोला नीट विचार. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

जंगलाचा नमुना कुठं मिळणार? भर उन्हाळा. पण माझा एक मित्र रोपवाटिकेत कामाला आहे. तिथं हिरव्या जाळीखाली केळीची हजारो रोपं असतात आणि वरून फवारे सुटतात. धुक्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हटलं, वर्षावन म्हणजे दुसरं काय असतं?

शनिवारी वैशालीला म्हणालो, "उद्या फिरायला जायचंय. जंगलासारखं आहे."

रविवारी बघतो तर ती दारात उभी. लग्नातली जांभळी साडी, डोक्याला गजरा, हातात ही एवढी बॅग! आईनं वर चिवड्याचा डबा दिला. मी म्हणालो, "एवढी बॅग कशाला?"

ती जराशी थांबली. "असू द्या."

मी विचारलं का, का म्हणून? नाही. बॅग बांधली गाडीला आणि निघालो.

वीस मिनिटांत रोपवाटिकेच्या फाटकात गाडी लावली. वैशालीनं फाटकाकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, हरखली. मित्रानं फवारे सोडले. जांभळी साडी चिंब. गजरा ओघळून कानावर आला.

"कसं वाटतंय?"

"लई छान!" म्हणाली, आणि सलग चार शिंका दिल्या.

आम्ही केळीच्या रोपांमध्ये बसून चिवडा खाल्ला. ती बॅग काही उघडली नाही. मी मनात नोंद केली, जंगल पास.

पुढच्या रविवारी समुद्र. इथं कुठून आणायचा समुद्र? पण आपल्याकडं नाथसागर आहे ना! एवढं मोठं धरण. पैठणच्या रस्त्याला लागलो. मागं वैशाली. ह्या वेळी साधी साडी, हातात कापडी पिशवी, त्यात दशम्या आणि चटणी. चितेगाव मागं टाकून पुढं गेलो तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "माहेर गेलं."

उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलेलं. आधी चिखल, मग भेगा, मग पाणी. काठावर एक भज्यांचा गाडा. मी हात पसरून म्हणालो, "हे बघ. समुद्रासारखं!"

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. चार महिन्यांत पहिल्यांदाच, तेही चारचौघांत!

"लई मोठं आहे वो," म्हणाली. "असं कधी बघितलंच नव्हतं."

मी खूश. भजी घेतली. गाड्यापुढं उभं राहून तिच्या फोनवर फोटो काढला.

सोमवारी चाचांना सांगितलं, "दोन्ही पीस ओके!"

चाचा हातातलं काम थांबवून म्हणाले, "मियाँ, सगळेच पीस ओके आले तर पीस नको बघू. गेज बघ." गेज म्हणजे मापायचं साधन. तेच बिघडलं की काहीही पास होतं.

मी म्हणालो, "म्हणजे?"

त्यांनी हसून मशीन परत चालू केलं.

त्याच आठवड्यात सासुरवाडीहून बोलावणं आलं. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. भावकीतल्या बायका जमल्या होत्या. मी मान खाली घालून तूप ओतून खातोय, तेवढ्यात सासरे म्हणाले, "जावईबापू, पोरीची हौस केली तुम्ही. जंगल दाखवलं, समुद्र बी दाखवला!"

हे ह्यांना कुणी सांगितलं? मी वैशालीकडं बघितलं. ती वाढता वाढता भलतीकडंच बघत होती.

एका म्हातारीनं विचारलं, "पाणी खारट असतंय म्हणत्यात, व्हय?"

"आवाज लई करतो का वो?" दुसरी.

माझ्या आधी वैशालीच म्हणाली, "करतो की. रात्रभर."

रात्रभर! अहो, आम्ही साडेपाचला घरी होतो!

"फोटो दाखव की गं," सासूबाई म्हणाल्या. वैशाली नको नको म्हणतेय, तोवर तिच्या मावशीनं फोन हातातून घेतलासुद्धा. मावशी राहायला कुठं? पैठणला!

मावशीनं फोन डोळ्याला लावला. लांब धरला. परत जवळ आणला.

"अगं बाई, हा आमच्या शेजारचा भजीवाला!"

सगळे फोनवर वाकले.

"तो बी जातो की समुद्रावर," वैशाली म्हणाली. "धंद्याला."

"गाडा घेऊन?"

"व्हय."

"आणि ही मागं म्हैस?"

तुम्हाला सांगतो, शाळेत सर उभं करायचे तेव्हासुद्धा माझे कान एवढे तापले नव्हते. पण वैशालीकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. माझी लाज झाकायला ती एकटी सगळ्या भावकीशी भांडत होती! मग मी उठलो. पाटावरून, उष्ट्या हातानं.

"ती ट्रायल होती!" मी ओरडलो. "खरी सहल अजून व्हायचीय! मी फक्त नमुना दाखवला!"

आधी मावशी फिसकन हसली. मग जे हसणं फुटलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असंल. मावशी डोळे पुसत म्हणाली, "चितेगावच्या पोरीला नाथसागराचा नमुना! अहो जावईबापू, शाळेची दर सहल तिथंच जायची हिची! माझ्याकडं आली की दुपारभर तिथंच पडलेली असायची!"

सासऱ्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ताटात आणखी दोन धोंडे वाढले. कशाबद्दल, ते कळलं नाही.

संध्याकाळी परत निघालो. गावाबाहेर पडलो. मग मागून आवाज आला.

"खरंच न्यायचं होतं?"

"व्हय. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुमच्याच्यानं तेवढंच होतंय. मग म्हटलं, तेवढं बी लई हाय."

मी गाडी बाजूला घेतली. उतरलो. ह्या वेळी भाजी नव्हती समोर, म्हणून तिच्याकडंच बघितलं. "आता सांग. जंगल का समुद्र?"

"समुद्र," ती लगेच म्हणाली. जणू लहानपणापासून कुणी विचारायची वाट बघत होती. "नाथसागराला पलीकडं काठ दिसतो. मला काठ नसलेलं पाणी बघायचंय."

बघा! एका प्रश्नाचं काम. त्यासाठी मी पोरीला केळीच्या रोपांत भिजवलं, म्हशीपुढं उभं केलं आणि भावकीत खोटं बोलायला लावलं!

कोचीला गेलो. रेल्वेत ती खिडकीजवळून उठली नाही आणि तिच्याकडं बघण्यात मी झोपलो नाही. संध्याकाळी समुद्रावर पोचलो. पलीकडं खरंच काही नव्हतं. नुसतं पाणी, आणि पाणी संपलं की आभाळ. वैशाली पाण्यापर्यंत चालत गेली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, हा खराच ना? का ह्याची बी ट्रायल चाललीय?"

मी काही बोलायच्या आत ती वाकली, लाटेत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"पास," म्हणाली, आणि माझा हात धरला.

आता ते समुद्राला म्हणाली का मला, हे तेवढं मी अजून विचारलेलं नाही.